समितीच्या दालनातून कायद्याच्या कलमापर्यंत: पोलिसांवरील देखरेख आणि पीडितांचे हक्क यांवरील संसदीय चर्चा कशी वाचावी आणि तीत भाग कसा घ्यावा

पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवून आल्यानंतर तपास कुठवर आला हे कोणीच सांगत नाही, ही पीडित कुटुंबांची सर्वांत जुनी तक्रार आहे. फौजदारी कार्यपद्धतीचा नवा कायदा असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 193 मध्ये आता अशी तरतूद आहे की, तपासाची प्रगती 90 दिवसांच्या आत फिर्यादीला किंवा पीडित व्यक्तीला कळवली पाहिजे आणि ती इलेक्ट्रॉनिक माध्यमातूनही कळवता येईल. ही तरतूद महत्त्वाची आहे, यात शंका नाही. मात्र तेच कलम शेवटपर्यंत वाचले तर लक्षात येते की मुदत चुकल्यास तपास अधिकाऱ्यावर काय कारवाई होईल, हे तिथे लिहिलेले नाही. पीडितांचा हक्क आणि पोलिसांवरील देखरेख हे दोन वेगळे विषय नाहीत, हे समजण्यासाठी एवढे एक उदाहरण पुरेसे आहे. ज्या हक्काच्या पाठीशी देखरेख नसते, तो अधिकाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून राहतो.

अशा तरतुदी कशा घडतात, त्यांत काय सुटते आणि सुटलेले पुन्हा मांडायचे कुठे, हे समजून घ्यायचे असेल तर संसदीय समित्यांचे काम वाचता आले पाहिजे. कायद्याचे विद्यार्थी, महिला संघटनांच्या कार्यकर्त्या, गावोगावचे पत्रकार आणि स्वतः पीडित कुटुंबांतील माणसे यांच्यासाठी ही वाट पायरीपायरीने मांडली आहे. उदाहरण म्हणून 2023 साली गृह व्यवहारविषयक स्थायी समितीने तपासलेली तीन फौजदारी विधेयके घेतली आहेत, कारण त्यांतून तयार झालेले कायदे 1 जुलै 2024 पासून आपल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात लागू आहेत.

पहिली पायरी: प्रश्न कोणत्या सभागृहाचा आहे ते ठरवा

नवखा माणूस बहुधा इथेच चुकतो. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार पोलीस आणि सार्वजनिक सुव्यवस्था हे राज्यांचे विषय आहेत, तर फौजदारी कायदा आणि फौजदारी कार्यपद्धती हे समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो अशा विषयांत, आहेत. याचा व्यवहारातला अर्थ सरळ आहे. पीडिताला खटल्यात बोलण्याचा, अपिलाचा किंवा दोषारोपपत्राची प्रत मिळण्याचा हक्क असावा का, हा प्रश्न मुख्यतः संसदेचा आहे. आपल्या जिल्ह्यातील पोलिसांविरुद्धच्या तक्रारीची चौकशी कोणी करावी आणि त्यासाठी किती मनुष्यबळ व निधी असावा, हा प्रश्न मुख्यतः राज्याचा आहे आणि तो मुंबई-नागपूरच्या अधिवेशनांत विचारला गेला पाहिजे.

राज्यातही समितीचा मार्ग असतो. महिला व बालकांवरील अत्याचारांविषयीचे शक्ती विधेयक डिसेंबर 2020 मध्ये मांडले गेले, ते दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेले आणि डिसेंबर 2021 मध्ये सुधारित रूपात मंजूर झाले. तरीही राष्ट्रपतींची संमती न मिळाल्यामुळे ते अंमलात आले नाही. विषय समवर्ती सूचीतला असेल आणि राज्याचे विधेयक केंद्रीय कायद्याला छेद देणारे असेल, तर विधानभवनातील मंजुरीनंतरही दिल्लीतला एक टप्पा उरतो, हे या उदाहरणातून ध्यानात ठेवावे. दुसरे उदाहरण महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयकाचे आहे. ते चंद्रशेखर बावनकुळे यांच्या अध्यक्षतेखालील संयुक्त समितीकडे गेले, समितीकडे नागरिकांच्या आणि संघटनांच्या बारा हजारांहून अधिक सूचना आल्या आणि जुलै 2025 मध्ये ते दोन्ही सभागृहांत मंजूर झाले. मूळ मसुद्यात तीन मुख्य बदल झाले: उद्देशाच्या शब्दरचनेत बदल करून रोख कडव्या डाव्या विचारसरणीच्या संघटनांकडे वळवण्यात आला, सल्लागार मंडळाची रचना बदलली आणि तपास करणाऱ्या अधिकाऱ्याचा दर्जा उपअधीक्षकापर्यंत वाढवला गेला. हे बदल पुरेसे होते की नव्हते यावर तीव्र मतभेद आहेत. बारा हजार सूचना आणि तीन बदल हे प्रमाण मात्र ध्यानात ठेवावे, कारण निवेदन कसे लिहावे याचा विचार करताना ते पुन्हा उपयोगी पडणार आहे.

दुसरी पायरी: समिती म्हणजे काय आणि तिला किती अधिकार आहेत ते जाणून घ्या

मंत्रालयनिहाय स्थायी समित्यांची पद्धत संसदेत 1993 साली सुरू झाली. सुरुवातीला अशा 17 समित्या होत्या, 2004 मध्ये त्या 24 झाल्या. प्रत्येक समितीत 31 खासदार असतात, त्यांपैकी 21 लोकसभेतील आणि 10 राज्यसभेतील. मंत्र्याला सदस्य होता येत नाही, आणि समितीची मुदत एका वर्षाची असते. गृह व्यवहारविषयक समिती राज्यसभेच्या सभापतींच्या अखत्यारीत येते. त्यामुळे विधेयक लोकसभेत मांडले गेले असले तरी तिचे अहवाल, सूचना आणि कार्यवृत्त राज्यसभेच्या संकेतस्थळावर शोधावे लागतात. नवख्यांचा यात पुष्कळ वेळ वाया जातो.

समितीच्या बैठका बंद दाराआड होतात. सभागृहातील चर्चेप्रमाणे त्यांचे थेट प्रक्षेपण होत नाही आणि नागरिकाला मागच्या बाकावर बसून ऐकता येत नाही. याची एक बाजू चांगली आहे: कॅमेरा नसल्यामुळे खासदार पक्षाची भूमिका थोडी बाजूला ठेवून गृहसचिवांना आणि अन्य अधिकाऱ्यांना नेमके प्रश्न विचारू शकतात. दुसरी बाजू अशी की, पीडितांच्या वतीने कोण बोलले आणि काय बोलले, हे आपल्याला अहवालात जेवढे उमटते तेवढेच कळते. माझ्या मते पीडितांच्या हक्कांसारख्या विषयावर साक्षी तरी, साक्षीदाराची संमती घेऊन आणि ओळख झाकून, खुल्या व्हायला हव्यात. आज तशी पद्धत नाही.

समितीच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात. नियमांनुसार अहवालाचे स्वरूप विचारार्थ दिलेल्या सल्ल्याचे असते. समितीने दैनंदिन प्रशासनाच्या बाबींत शिरू नये असेही नियम सांगतात. म्हणून ‘अमुक ठाण्यातील अमुक अधिकाऱ्याने माझी तक्रार घेतली नाही’ ही बाब समितीपुढे जशीच्या तशी चालत नाही. ती कशी मांडावी हे पुढे येईल.

तिसरी पायरी: चार कागद एकत्र ठेवा

एखाद्या तरतुदीचा प्रवास समजून घ्यायचा तर चार कागद शेजारी शेजारी ठेवावे लागतात: मूळ विधेयक, समितीचा अहवाल, त्याला जोडलेल्या भिन्न मतपत्रिका म्हणजेच बातम्यांतल्या ‘डिसेंट नोट’, आणि शेवटी राजपत्रात प्रसिद्ध झालेला कायदा.

तीन फौजदारी विधेयके 11 ऑगस्ट 2023 रोजी लोकसभेत मांडली गेली आणि गृह व्यवहार समितीकडे पाठवली गेली. समितीचे अध्यक्ष ब्रिजलाल होते, जे स्वतः उत्तर प्रदेशचे माजी पोलीस महासंचालक आहेत. समितीने भारतीय न्याय संहितेवर 246 वा, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेवर 247 वा आणि भारतीय साक्ष्य विधेयकावर 248 वा अहवाल 10 नोव्हेंबर 2023 रोजी सादर केला. सरकारने 12 डिसेंबरला मूळ विधेयके मागे घेऊन नवी मांडली, ती 20 डिसेंबरला लोकसभेत आणि 21 डिसेंबरला राज्यसभेत मंजूर झाली आणि 25 डिसेंबरला त्यांना राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्या अधिवेशनात विरोधी पक्षांचे बहुसंख्य खासदार निलंबित होते, त्यामुळे सभागृहातील चर्चेत समितीच्या शिफारशींची जी छाननी व्हायला हवी होती, ती झाली नाही. विरोधी सदस्यांचे सविस्तर म्हणणे वाचायचे असेल तर समितीच्या अहवालाच्या शेवटी जोडलेल्या मतपत्रिकांकडे वळावे लागते, ते यामुळेच.

तुलना करताना क्रमांकांची काळजी घ्यावी. विधेयकात असतो तो ‘खंड’ आणि कायदा झाल्यावर होते ते ‘कलम’. ऑगस्टमधील न्याय संहितेत 356 खंड होते, अंतिम कायद्यात 358 कलमे आहेत; नागरिक सुरक्षा संहितेचे 533 खंड होते, त्यांची 531 कलमे झाली. म्हणून अहवालातील क्रमांक आणि आजच्या कायद्यातील क्रमांक जुळतीलच असे नाही. आकडा पाहून नव्हे, मजकूर पाहून ताडावे.

चौथी पायरी: शिफारस मान्य झाली की नाही ते स्वतः तपासा

सरावासाठी आधी एक सोपे उदाहरण घ्यावे. अटकेच्या वेळी हातकडी कोणाला घालता येईल याची यादी नागरिक सुरक्षा संहितेच्या मूळ विधेयकात होती आणि तीत आर्थिक गुन्ह्यांचाही समावेश होता. खून, बलात्कार, अ‍ॅसिड हल्ला यांच्या पंक्तीत किरकोळ रकमेपासून मोठ्या घोटाळ्यापर्यंत पसरलेला हा वर्ग बसवू नये, असे समितीने सुचवले. आजचे कलम 43 उघडून पाहिले तर आर्थिक गुन्हे त्यात नाहीत. शिफारस मान्य झाली. सामाजिक सेवेच्या शिक्षेची व्याख्या करावी ही सूचनाही अशीच मान्य झाली आणि कलम 23 मध्ये तिचे स्पष्टीकरण आले. याउलट, पोलीस कोठडीचे 15 दिवस कसे मोजायचे याविषयी अधिक स्पष्टता आणावी असे समितीने म्हटले होते. कायद्यात तो मजकूर जवळपास तसाच राहिला.

आता अवघड उदाहरण. पीडितांच्या दृष्टीने या संपूर्ण प्रक्रियेतील सर्वांत गंभीर बाब तीच आहे, असे मला वाटते. जुन्या भारतीय दंड संहितेत कलम 377 होते. सर्वोच्च न्यायालयाच्या 6 सप्टेंबर 2018 च्या निकालाने प्रौढ व्यक्तींमधील संमतीचे संबंध त्यातून वगळले. मात्र संमतीविना केलेल्या कृत्यांपुरते ते कलम जिवंत राहिले होते. प्रौढ पुरुषावर लैंगिक अत्याचार झाला तर त्याला आधार होता तो याच उरलेल्या भागाचा, कारण बलात्काराच्या व्याख्येत आरोपी पुरुष आणि पीडित स्त्री असेच गृहीत धरले आहे आणि 18 वर्षांखालील मुलग्यांचे संरक्षण पॉक्सो कायद्यातून होते. नव्या न्याय संहितेच्या मसुद्यात 377 ला पर्यायी तरतूदच नव्हती. समितीने 246 व्या अहवालात ही उणीव दाखवली आणि पुरुष, स्त्रिया व तृतीयपंथी व्यक्तींवरील संमतीविना होणाऱ्या कृत्यांसाठी, तसेच प्राण्यांवरील अत्याचारासाठी, ती तरतूद पुन्हा घ्यावी असे सुचवले. डिसेंबरच्या विधेयकात ती आली नाही, आजच्या कायद्यातही नाही. ऑगस्ट 2024 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयापुढे हा प्रश्न गेला, तेव्हा न्यायालयाने केंद्र सरकारला त्यावरील निवेदनाचा निर्णय लवकर घ्यायला सांगितले.

या उदाहरणापाशी थोडे थांबावे. बहुपक्षीय समितीने लेखी दाखवलेली उणीव पाच आठवड्यांत कशी मागे पडू शकते, हे यात दिसते. आणि तरीही तो अहवाल व्यर्थ गेला असे म्हणता येणार नाही, कारण ‘ही उणीव कोणाच्या लक्षात आली नव्हती’ असे आता कोणालाही म्हणता येत नाही. न्यायालयात, सभागृहात आणि पुढच्या दुरुस्तीच्या वेळी हा कागद साक्षीला उभा राहतो. त्याच अहवालात व्यभिचाराचा गुन्हा स्त्री-पुरुष दोघांना समान लागू होईल अशा रूपात परत आणण्याची शिफारसही होती. तीही सरकारने स्वीकारली नाही, आणि माझ्या मते ते योग्यच झाले. समितीचे सगळेच म्हणणे पीडितांच्या बाजूचे किंवा शहाणपणाचे असते असे गृहीत धरू नये. प्रत्येक शिफारस आपल्या बुद्धीने पारखावी.

भिन्न मतपत्रिका वाचताना दोन प्रकारचे आक्षेप वेगळे करावेत. काही आक्षेप कार्यपद्धतीचे असतात: पुरेशा तज्ज्ञांना बोलावले नाही, वेळ दिला नाही, कायद्यांना हिंदी नावे देणे हे कायद्यांचा अधिकृत मजकूर इंग्रजीत असावा असे सांगणाऱ्या घटनेच्या अनुच्छेद 348 शी विसंगत आहे, इत्यादी. काही आक्षेप मजकुराचे असतात आणि विशिष्ट खंडाला धरून असतात. पीडितांसाठी काम करणाऱ्या माणसाला दुसरा प्रकार अधिक उपयोगी पडतो, कारण त्यातून निवेदनासाठी तयार मुद्दा मिळतो.

पाचवी पायरी: पीडितांचे आजचे हक्क मूळ कलमांतून वाचा

समितीत कोणी काय म्हटले हे समजण्याआधी आज कायदा काय देतो हे पक्के माहीत हवे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 2 मधील पीडिताची व्याख्या आरोपीच्या कृतीमुळे हानी किंवा इजा झालेल्या व्यक्तीला आणि तिच्या पालकाला किंवा कायदेशीर वारसाला सामावून घेते. जुन्या व्याख्येत आरोपीवर ‘दोषारोप ठेवण्यात आलेला’ असणे हा शब्दप्रयोग होता, तो आता नाही; म्हणजे पीडित ठरण्यासाठी खटला उभा राहण्याची वाट पाहावी लागत नाही.

कलम 173 नुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असला तरी माहिती कोणत्याही ठाण्यात देता येते. ‘हे आमच्या हद्दीत येत नाही’ हे उत्तर यापुढे कायद्याला धरून नाही. इलेक्ट्रॉनिक माध्यमातून माहिती दिली तर तीन दिवसांत सही करावी लागते, आणि नोंदवलेल्या माहितीची प्रत फिर्यादीला किंवा पीडिताला विनामूल्य मिळते. ठाण्याने नकार दिला तर माहितीचा मजकूर पोलीस अधीक्षकांकडे लेखी पाठवावा आणि तरीही दाद न मिळाल्यास न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा. याच कलमातील एका नव्या तरतुदीकडे मात्र सावधपणे पाहावे. तीन वर्षे किंवा त्याहून अधिक पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत उपअधीक्षकांच्या परवानगीने 14 दिवसांची प्राथमिक चौकशी करण्याची मुभा पोलिसांना दिली आहे. दखलपात्र गुन्ह्याची (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) माहिती मिळताच नोंद करणे बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये ललिता कुमारी खटल्यात सांगितले होते आणि प्राथमिक चौकशीला मोजकेच अपवाद ठेवले होते. नव्या मुभेमुळे तो नियम सैल होतो का, यावर देखरेखीची खरी गरज आहे.

कलम 230 मध्ये एक बारीकशी अट दडलेली आहे. दोषारोपपत्र आणि संबंधित कागद आरोपीबरोबर पीडितालाही 14 दिवसांत मिळावेत असे ते म्हणते, पण पीडिताने वकील दिलेला असेल तरच. ज्या शेतमजूर बाईला वकील करणे परवडत नाही, तिच्यासाठी हा हक्क कागदावरच राहतो. म्हणून पीडित कुटुंबाला पहिल्याच भेटीत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे पाठवावे; स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि कायद्यात नमूद केलेले इतर घटक यांना मोफत वकील मिळतो. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा मदत क्रमांक 15100 आहे.

सरकारने खटला मागे घ्यायचे ठरवले तर कलम 360 नुसार पीडिताचे म्हणणे ऐकल्याशिवाय न्यायालयाला परवानगी देता येत नाही. ही तरतूद नवी आहे आणि आपल्या राज्यात तिचे मोल मोठे आहे, कारण आंदोलनांतील खटले मागे घेण्याचे निर्णय महाराष्ट्रात वेगवेगळ्या पक्षांच्या सरकारांनी घेतले आहेत आणि अशा एखाद्या खटल्यात जखमी झालेला दुकानदार किंवा पोलीस शिपाईही पीडित असू शकतो. आरोपी सुटला, कमी गंभीर गुन्ह्यात दोषी ठरला किंवा भरपाई अपुरी मिळाली तर कलम 413 नुसार पीडिताला अपील करता येते. शिक्षा कमी झाली एवढ्याच कारणासाठी मात्र त्याला अपील नाही. जामिनाच्या टप्प्यावरही पीडिताला ऐकले पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने लखीमपूर खेरी प्रकरणात 18 एप्रिल 2022 रोजी स्पष्ट केले.

भरपाईची योजना कलम 396 खाली येते. महाराष्ट्रात बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार आणि अ‍ॅसिड हल्ला यांतील पीडितांसाठी 2013 पासून मनोधैर्य योजना आहे, तिची कमाल मर्यादा पुढे 10 लाख रुपयांपर्यंत वाढवण्यात आली. रुग्णालयांनी अशा पीडितांवर तत्काळ आणि विनामूल्य उपचार करावेत असे कलम 397 सांगते. हे शासकीय आणि खासगी दोन्ही रुग्णालयांना लागू आहे.

सहावी पायरी: देखरेखीची यंत्रणा ओळखा

पोलिसांवर लक्ष ठेवण्याची चर्चा सर्वोच्च न्यायालयाच्या 22 सप्टेंबर 2006 च्या प्रकाश सिंह निकालापासून वेगळी करता येत नाही. निवृत्त पोलीस महासंचालक प्रकाश सिंह यांनी 1996 मध्ये केलेल्या याचिकेवर न्यायालयाने राज्य सुरक्षा आयोग, तपास आणि कायदा-सुव्यवस्था यांची विभागणी, वरिष्ठ अधिकाऱ्यांना किमान कार्यकाल आणि पोलीस तक्रार प्राधिकरण यांसह सात निर्देश दिले. महाराष्ट्राने 2014 मध्ये पोलीस अधिनियमात दुरुस्ती करून राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाची तरतूद केली; गोव्यातही असे प्राधिकरण आहे. कोठडीतील मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार किंवा त्याचा प्रयत्न, कार्यपद्धती न पाळता केलेली अटक, खंडणी अशा तक्रारी तिथे नेता येतात. तुमच्या वैयक्तिक तक्रारीचे ठिकाण हे आहे, संसदीय समिती नव्हे.

समिती मात्र अशा तक्रारींतून दिसणाऱ्या प्रवृत्तीवर बोलू शकते. गृह व्यवहार समितीने 2021 मध्ये महिला व बालकांवरील अत्याचारांवर आणि 2022 मध्ये पोलिसांचे प्रशिक्षण, आधुनिकीकरण व सुधारणा यांवर स्वतंत्र अहवाल दिले आहेत. दरवर्षी अर्थसंकल्पी अधिवेशनाच्या मध्यंतरात ती गृह मंत्रालयाच्या अनुदानाच्या मागण्या तपासते. न्यायवैद्यक प्रयोगशाळा, निर्भया निधी, सायबर गुन्ह्यांची यंत्रणा यांवर प्रत्यक्षात किती खर्च झाला हे पाहायचे असेल तर हा अहवाल वाचावा. सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जावे असा नियम आता आहे. प्रयोगशाळांना माणसे आणि पैसा मिळाला नाही तर त्या नियमाचा पीडिताला काहीही उपयोग नाही.

सातवी पायरी: निवेदन लिहा

एखादे विधेयक किंवा विषय विचारात घेतल्यावर समिती पुष्कळदा वृत्तपत्रांतून आणि संकेतस्थळावरून लोकांच्या सूचना मागवते. मुदत बहुधा थोड्या दिवसांची असते, म्हणून जाहिरात निघाल्यावर लिहायला बसणे उशिराचे ठरते. संसदेच्या समितीला निवेदन इंग्रजीत किंवा हिंदीत द्यावे लागते, राज्याच्या समितीला मराठीत देता येते. प्रत्यक्ष साक्ष देण्याची इच्छा असेल तर ती निवेदनातच नोंदवावी; बोलवायचे की नाही हे समिती ठरवते. दिलेले निवेदन समितीच्या दप्तराचा भाग होते आणि गोपनीय मानले जाते, त्यामुळे ते समाजमाध्यमांवर टाकणे विशेषाधिकारभंगाला कारण ठरू शकते. ही चूक उत्साहाच्या भरात फार लोक करतात.

आता त्या बारा हजार सूचनांकडे परत येऊ. एकाच मजकुराखाली हजार सह्या असलेले निवेदन संख्येत मोजले जाते, पण त्यातून मसुदा बदलत नाही. मसुदा बदलायचा असेल तर निवेदनात चार गोष्टी लागतात: कोणत्या खंडाविषयी किंवा कलमाविषयी बोलत आहात, आजचा मजकूर काय आहे, त्यामुळे प्रत्यक्षात कोणावर काय परिणाम होतो, आणि त्याऐवजी नेमके कोणते शब्द हवेत. शेवटची गोष्ट बहुतेकांच्या निवेदनात नसते. ‘पीडितांना न्याय मिळावा’ हे वाक्य कोणताही सचिव मान्य करील आणि बाजूला ठेवील. याउलट, ‘कलम 230 मधील वकील दिलेला असण्याची अट काढून टाकावी, किंवा वकील नसलेल्या पीडिताला विधी सेवा प्राधिकरणामार्फत प्रत द्यावी’ या वाक्याला त्याला होय किंवा नाही असे उत्तर द्यावे लागते.

अनुभव मांडताना पीडिताची ओळख उघड होणार नाही याची पराकाष्ठेने काळजी घ्यावी. लैंगिक गुन्ह्यातील पीडिताचे नाव किंवा ओळख पटेल असा तपशील छापणे वा प्रसिद्ध करणे हा न्याय संहितेच्या कलम 72 खाली गुन्हा आहे. लहान गावात जात, व्यवसाय आणि तारीख एवढ्यावरूनही माणूस ओळखू येतो. न्यायप्रविष्ट प्रकरणाच्या गुणदोषांत शिरू नये. वैयक्तिक तक्रारी प्रवृत्तीच्या रूपात मांडाव्यात: तुमच्या संघटनेकडे वर्षभरात आलेल्या प्रकरणांपैकी किती कुटुंबांना 90 दिवसांत तपासाची माहिती मिळाली, किती जणांना हद्दीचे कारण सांगून परत पाठवले, किती जणांना माहितीची प्रत विनामूल्य मिळाली. दहा प्रकरणांची प्रामाणिक नोंद असली तरी ती समितीपुढील अधिकाऱ्याला विचारण्याजोगा प्रश्न तयार करते.

समितीत तुमच्या भागातील खासदार असेल तर निवेदनाची मांडणी त्याला प्रत्यक्ष भेटून समजावून सांगावी. नसेल तर समितीतील ज्या सदस्याने आधीच्या अहवालात त्या विषयावर भिन्न मत नोंदवले आहे, त्याच्याशी संपर्क साधावा. पक्ष कोणता हे या कामात दुय्यम मानावे.

आठवी पायरी: उत्तर येईपर्यंत मागे लागा

अहवाल सादर झाला की बहुतेकांचे लक्ष उडते, आणि मंत्रालयांना ते ठाऊक असते. समितीने शिफारशी केल्यावर त्यांवर काय कारवाई केली हे मंत्रालयाने साधारणतः तीन महिन्यांत कळवायचे असते, आणि त्या उत्तरांवर समिती पुन्हा कृती अहवाल काढते. या अहवालात शिफारशींची वर्गवारी असते: सरकारने मान्य केलेल्या, सरकारचे उत्तर पाहून समितीने पुढे न रेटलेल्या, समितीला ज्यांवरील उत्तर पटले नाही अशा, आणि अंतिम उत्तर अजून न आलेल्या. तुमच्या कामाचा मजकूर शेवटच्या दोन प्रकरणांत सापडतो. ‘बाब विचाराधीन आहे’ असे उत्तर एका शिफारशीवर लागोपाठ दोन वर्षे दिसले तर त्या दोन्ही पानांची प्रत आपल्या खासदाराला द्यावी आणि त्यावर सभागृहात प्रश्न विचारण्याची विनंती करावी. प्रश्नाचा मसुदाही तुम्हीच लिहून न्यावा.

राज्यपातळीवरील प्रश्नासाठी आमदारामार्फत विधानमंडळाच्या विनंती अर्ज समितीकडे अर्ज देता येतो. तिथेही नियम तोच आहे: एक विषय, एक मागणी, सोबत पुराव्याचे कागद.

हे सगळे एका वहीत नोंदवत जावे. डाव्या पानावर शिफारस आणि तिची तारीख, उजव्या पानावर सरकारचे उत्तर आणि त्याची तारीख. तपासाच्या प्रगतीविषयीच्या कलम 193 साठी एक पान आजच वेगळे ठेवावे आणि तुमच्या माहितीतील प्रत्येक प्रकरणात गुन्हा नोंदवल्याची तारीख, 90 वा दिवस आणि माहिती मिळाल्याचा दिवस असे तीन रकाने त्यावर आखावेत. तिसरा रकाना रिकामा राहिला तर 91 व्या दिवशी तपास अधिकाऱ्याला लेखी पत्र द्यावे, त्याची प्रत पोलीस अधीक्षकांना पाठवावी आणि पोच घेऊन ती त्याच पानाला टाचून ठेवावी.